उधारीची वही आणि गाराअदचं बंदर

गेल्या मंगळवारी संध्याकाळी चौघेजण कारखान्यावर आले. बर्फ न्यायला आलेला माणूस सरळ क्रशरकडे जातो. हे चौघे ऑफिसात येऊन बसले, तेव्हाच ओळखलं की काम वेगळं आहे. ऑफिस म्हणजे दहा बाय आठची खोली, एक टेबल, एक खुरडत फिरणारा पंखा आणि भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर. चहा येईपर्यंत पावसापाण्याचं बोलणं झालं. मग त्यातले वडीलधारे, ज्यांना सगळं बंदर अण्णा म्हणतं, ते म्हणाले, "झेडपीला या वेळी तुम्ही उभं राहा. धंदा केलेला माणूस पाहिजे आता. जग बघितलेला."

जग बघितलंय हे खरं. एकोणीस वर्षं बोटीवर होतो, ऑइलर म्हणून चढलो आणि फिटर म्हणून उतरलो. २०१३ मध्ये मेव्हण्याबरोबर भागीदारीत हा जुना बर्फ कारखाना घेतला. हर्णैपासून बाइकने अर्ध्या तासावरचं आमचं बंदर लहान, होड्या मोजक्या. पण मासेमारी सुरू असली की पहाटे तीनला बर्फासाठी रांग लागते.

"विचार करून सांगतो," म्हटलं. ते गेले. बायको आतून वही घेऊन आली आणि टेबलावर उघडी करून ठेवली. "अहो, जग बघितलेल्या माणसाने आधी हे पान बघावं." पान अण्णांचं होतं. दोन हंगामांचे चौऱ्याऐंशी हजार.

त्या रात्री झोप लागेना आणि डोक्यात आला तो शारजातला सोमाली.

२०११ च्या सुरुवातीला आमची बोट तिकडे डॉकमध्ये होती. ताजी भाजी पुरवायला एक सोमाली व्यापारी यायचा. पन्नाशीचा, उंच, दाढी मेंदीने रंगवलेली. हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला, त्यामुळे साधं वाक्यसुद्धा डायलॉगसारखं टाकायचा. त्याचा खरा धंदा वेगळा होता. शारजाच्या खाडीतून गलबतं भरून तो बोसासोला तांदूळ, साखर, टायर आणि आपल्या नाशिकचा कांदा पाठवायचा. बोसासो म्हणजे सोमालियाच्या उत्तर टोकाचं, एडनच्या आखातावरचं बंदर. तिकडून परत यायच्या शेळ्या-मेंढ्या, आणि गोणपाटात भरलेला डिंक.

"ये मलमल है," तो म्हणाला होता. मी म्हटलं, मलमल तर कापड. त्याने गोणीतून काढून हातावर ठेवला तो तपकिरी, तांबूस, काचेसारखा तुटणारा खडा. नाकाजवळ नेला मात्र, आणि एकदम आमचं माजघर आठवलं. हिराबोळ! मोठीच्या वेळी आई बायकोला त्याचीच गोळी द्यायची आणि ती कडू म्हणून तोंड वाकडं करायची. दापोलीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणताना ती कुठून येते हे मी कधी विचारलंच नव्हतं. सोमालीत त्याला मलमल म्हणतात. आमच्या बाळंतिणी आणि त्यांचे डोंगर यांचं नातं इतकं जुनं आहे, आणि मला ते कळलं शारजाच्या डॉकमध्ये, हात ग्रीसने माखलेले असताना.

तर हा व्यापारी तेव्हा पेचात होता. त्याच्या जमातीची वडीलमंडळी मागे लागली होती. सरकारात या वेळी आपल्या घराण्याची पाळी आहे, तुझ्याकडे पैसा आहे, माणसं ओळखीची आहेत, तू जा. हे सरकार म्हणजे सोमालियाचं नव्हे, पुंटलँडचं. १९९१ मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि सोमालियात सरकार म्हणून काही उरलंच नाही. मग १९९८ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडच्या लोकांनी आपला वेगळा कारभार थाटला, राजधानी गारोवे. देशापासून फुटून नव्हे, आपलं घर आपण सांभाळू म्हणून. तिथल्या विधिमंडळात ६६ जण. ते जमातीचे मानकरी निवडणार, त्यांना इसिम म्हणतात, आणि ते ६६ अध्यक्ष निवडणार. मंत्रिपदंही जमातीजमातींत तोलूनमापून वाटायची. हे ऐकून मला हसू आलं होतं. आमच्या गावकीला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. आमच्याकडे कोणत्या वाडीला काय, ते कागदावर नसतं इतकंच.

त्याने मला विचारलं होतं, "तुम क्या करते?" फिटरला काय कळणार? मी म्हटलं, पगार किती? तो इतका हसला की खोकला लागला. मंत्री झालो तर पगार मीच द्यायचा, म्हणाला.

तेव्हा ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती हे नंतर हळूहळू वाचत गेलो तेव्हा उमगलं. पुंटलँडची तिजोरी म्हणजे मुख्यतः बोसासोची जकात. शेळ्या-मेंढ्या गेल्या, तांदूळ-साखर आली, की पैसा. सौदीने तापाच्या साथीमुळे २००० साली तिथली जनावरं बंद केली ती २००९ पर्यंत. विचार करा, आमच्याकडे नऊ वर्षं सुरमई-पापलेट बाहेर जाणं बंद झालं तर? आणि पूर्ण बहरात असताना, म्हणजे २०१४ साली, सगळ्या सोमालियातून पन्नास लाख जनावरं बाहेर गेली. बँका तेव्हा जवळपास नव्हत्याच, पैसा हवाल्याने फिरायचा, आपल्याकडे जुन्या पेढ्यांची हुंडी चालायची तसा. मध्यवर्ती बँकच कोलमडल्यावर नोटासुद्धा व्यापाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी परदेशात छापून आणलेल्या. अशा ठिकाणी सरकार नावाची गोष्ट व्यापाऱ्याच्या ओसरीवरच उभी राहते. मग व्यापारी मंत्री होतो यात नवल काय? उलट मंत्री व्हायला दुसरं कोण होतं?

२०११ मध्येच डॉकमधून बाहेर पडून आम्ही एडनच्या आखातातून गेलो, ते मात्र मी विसरणार नाही.

तेव्हा चाच्यांचा अगदी भर होता. २०११ या एका वर्षात सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले नोंदले गेले. विमेवाल्यांनी आणि जहाज कंपन्यांनी नकाशावर धोक्याचा पट्टा आखला होता, तो पूर्वेला ७८ रेखांशापर्यंत. रत्नागिरी आहे ७३ च्या थोडी पुढे. म्हणजे आमच्या घरासमोरचा समुद्रही त्या लाल पट्ट्यात. आई इथे वाळूत बोंबील सुकवत होती आणि लंडनच्या विमेवाल्याच्या लेखी समोरचं पाणी म्हणजे युद्धभूमी! हा पट्टा २०१५ च्या डिसेंबरात मागे सरकला आणि २०२३ च्या १ जानेवारीला पुरता उठला.

आम्ही कठड्याला काटेरी तारा गुंडाळल्या. ब्लेडसारख्या त्या तारांनी हातमोजे फाटून माझ्या दोन्ही मनगटांवर ओरखडे आले, उजव्याचा वळ अजून आहे. फायर होज बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधले. आणि बुजगावणी केली. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबायच्या, वर हेल्मेट, हातात पाइपचा तुकडा, आणि डेकवर उभं करायचं, लांबून पहारेकरी वाटावा म्हणून. भाताच्या शेतात करतो तशीच. माझ्या बुजगावण्याला पोरांनी सेकंड इंजिनीअरचं नाव ठेवलं, कारण ते दिवसभर नुसतं उभं असायचं.

ताफ्याबरोबर जात होतो, नौदलाचं जहाज पुढे. आपलं नौदल २००८ च्या ऑक्टोबरपासून तिथे गस्तीला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला डाव्या हाताला पाच-सहा छोट्या होड्या दिसल्या. भोंगा झाला. इंजिनरूममध्ये दोघांना ठेवून बाकीचे आत कोंडून घेण्याच्या खोलीकडे पळाले. मी वर होतो, मला पळायला दोन मिनिटं उशीर झाला आणि त्यात मी ते पाहिलं. एका होडीतला माणूस उभा राहिला, त्याने दोन्ही हातांनी एक भलामोठा मासा डोक्यावर उचलून धरला आणि आम्हाला दाखवत राहिला. कुपा असावा. बघा, आम्ही मासे मारतोय. गोळी घालू नका.

मी कोळ्यांच्या शेजारात वाढलोय. त्या माणसाचं काय चाललं होतं ते कळायला मला भाषा लागली नाही.

परदेशी ट्रॉलर येऊन त्यांचा समुद्र खरवडून नेत होते हे खरंच आहे. सरकार नाही, गस्त नाही, कोणीही यावं. चाचेही सुरुवातीला म्हणत, आम्ही आमचा समुद्र राखतो. आमच्याकडे परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर १२ सागरी मैलांच्या आत घुसतात तेव्हा आमची पोरं बंदरावर जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही, पण सूर तोच. मात्र त्या राखणदारीच्या गोष्टीवर माझा फार दिवस विश्वास राहिला नाही. जागतिक बँकेचा २०१३ चा अहवाल सांगतो की २००५ ते २०१२ मध्ये खंडणीचे ३४ ते ४१ कोटी डॉलर गेले, आणि त्यातला तीस ते पन्नास टक्के वाटा भांडवल घालणाऱ्याचा. होडीतून चढणाऱ्या पोराला तीस ते पंचाहत्तर हजार डॉलर. त्यातूनही किनाऱ्यावर राहताना त्याने जो खाट, म्हणजे नशेचा पाला, चघळला, जे खाल्लं-प्यालं, ते उधारीवर मांडलेलं, आणि ते शेवटी त्याच्या वाट्यातून वळतं. चाचेगिरीतही वही होती! वाचताना अंगावर काटा आला तो तोफाबंदुकांनी नाही, या वहीने.

(कान्होजी आंग्र्यांची आठवण इथे निघणारच, समोर सुवर्णदुर्ग असताना कशी नाही निघणार. इंग्रज त्यांना चाचा म्हणत आणि आपण सरखेल. पण त्यांचं दस्तक होतं, त्यामागे राज्य होतं, आरमार होतं. खाटाच्या उधारीवर चालणाऱ्या टोळीला त्यांच्या पंगतीला बसवू नये असं मला वाटतं.)

पुंटलँड सरकारने तेव्हा एक खातंच काढलं होतं. सागरी वाहतूक, बंदरं आणि चाचेगिरी-प्रतिबंध. मंत्री होते सईद मोहम्मद रागे. आपल्याकडे बंदर खात्याच्या पाटीवर असा शब्द कल्पून बघा. २०१० मध्ये अमिरातीच्या पैशावर त्यांचं सागरी पोलीस दल उभं राहिलं. 'आइसबर्ग १' नावाची बोट २०१० च्या मार्चमध्ये पळवली होती. त्यावर आपलीही माणसं होती, २४ जणांचा खलाशीवर्ग. मालकाने हात झटकले. बोट किनाऱ्याजवळ पडून राहिली, पावणेतीन वर्षं. शेवटी २०१२ च्या डिसेंबरात या दलाने वेढा घातला आणि तेराव्या दिवशी, २३ तारखेला, २२ जण सुटले. बोटीवरच्या माणसांना तो आकडा सांगितला की कोणी काही बोलत नाही. दोन कमी.

ती बोट जिथे डांबलेली होती त्या गावाचं नाव गाराअद. हे नाव लक्षात ठेवा.

आता एका दुसऱ्याच व्यापाऱ्याकडे येतो. सईद अब्दुल्लाही देनी. मुळात व्यापारी, मग मोगादिशूला पुढे उभ्या राहिलेल्या केंद्र सरकारात नियोजनमंत्री, आणि ८ जानेवारी २०१९ ला त्या ६६ जणांनी निवडलेला पुंटलँडचा अध्यक्ष. बसल्याला महिना व्हायच्या आत, ४ फेब्रुवारीला, बोसासो बंदर चालवणाऱ्या दुबईच्या कंपनीच्या परदेशी व्यवस्थापकाला अल-शबाब या दहशतवादी संघटनेने गोळ्या घातल्या. कंपनीने २०१७ मध्ये तीस वर्षांचा करार केलेला, ३३ कोटी ६० लाख डॉलरचा. धंद्यात पहिल्या महिन्यात कॉम्प्रेसर बसला तर काय होतं ते मला माहीत आहे. हे त्याच्या कितीतरी पलीकडचं.

पण हा गडी टिकला. २०२२ च्या मे महिन्यात मोगादिशूला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, विमानतळाच्या आवारात, आफ्रिकन फौजेच्या पहाऱ्यात. पहिल्या फेरीत ६५ मतं घेऊन हे महाशय सर्वांत पुढे होते. शेवटी निवडून आले हसन शेख. जानेवारी २०२४ मध्ये पुंटलँडची खुर्ची मात्र पुन्हा यांचीच.

माझं लक्ष त्या खुर्चीपेक्षा दोन गोष्टींवर आहे.

एक, गाराअद. ज्या किनाऱ्यावर ओलिसांची बोट पडून होती तिथे आता बंदर आहे. ते कोणा दुबईवाल्याने बांधलं नाही. वदागसान नावाची कंपनी काढून व्यापारी, स्थानिक लोक आणि परदेशात राहणारे सोमाली यांनी पैसा उभा केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते सुरू झालं, देनींच्याच कारकिर्दीत. म्हणजे लोकवर्गणी! आमच्या गावचं देऊळ, सभामंडप, स्मशानशेड, सगळं असंच झालं. मे महिन्यात मुंबईकर येतात, मंडळाची मीटिंग होते, पावतीपुस्तकं फाटतात. पण जेटी? ती सरकार बांधेल म्हणून मी शाळेत होतो तेव्हापासून आम्ही वाट बघतोय. अजून माल उतरवायचा तर गुडघाभर पाण्यात उभं राहून टोपल्या हातोहात द्यायच्या. भरतीची वेळ चुकली की बर्फ वितळतो. सरकार नसलेल्या लोकांनी बंदर बांधलं, आणि आम्हाला सरकार असून टोपली डोक्यावर. हे वाक्य मी चौघांच्यात बोललो तर टाळ्या पडतील, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. कारण सरकार नसण्याची किंमत ती माणसं कशी मोजतात हे मी मासा डोक्यावर धरलेल्या माणसाकडे बघून ओळखतो.

दोन, एक माणूस एक मत. पुंटलँडमध्ये २५ ऑक्टोबर २०२१ ला तीन तालुक्यांत लोकांनी थेट मतदान करून स्थानिक मंडळं निवडली. त्यांत एइल होतं, एकेकाळचा चाच्यांचा अड्डा. २५ मे २०२३ ला आणखी तीसेक तालुक्यांत. त्याच दिवशी आमच्या झेडपीत कोण होतं? प्रशासक. मुदत संपून वर्ष उलटून गेलेलं आणि निवडणुकीचा पत्ता नाही. अर्थात देनींचंही पुरतं कौतुक करवत नाही. खाली एक माणूस एक मत केलं, पण २०२४ ला स्वतःच्या खुर्चीची वेळ आली तेव्हा पुन्हा तेच मानकरी आणि तेच ६६. दुकानात नवीन तराजू आणायचा आणि आपला माल मात्र जुन्यावर तोलायचा.

आणि पगार. त्या सरकारच्या बातम्यांत हे वर्षानुवर्षं येत राहतं, सैनिकांचा पगार थकला, सैनिकांनी रस्ता अडवला. अध्यक्ष बदलले तरी तीच बातमी. डोंगरात लपलेल्या आयसिसवर २०२४ च्या अखेरीपासून मोठी मोहीम काढली, तेव्हाही व्यापाऱ्यांनी आणि परदेशातल्या लोकांनी पैसा-रसद पुरवली. शारजातला माझा माणूस म्हणाला होता तेच. पगार मीच द्यायचा. फरक एवढाच की मंत्री झालेला व्यापारी पगार दिल्यावर तो वसूल कुठून करतो, हे वहीत दिसत नाही. जकातीत दिसतं? एखाद्या ठेक्यात? तिथल्याबद्दल मी बोलू नये. इथल्याबद्दल मात्र मला अंदाज आहे.

हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तो गेला का मग मंत्री व्हायला? भाजीवाला?"

त्याचा नंबर जुन्या सिमबरोबर गेला. दाढीला मेंदी लावलेला मंत्री कुठे फोटोत दिसतो का म्हणून मी एकदा रात्री मोबाइलवर बसलो होतो. तिथे निम्म्या मंत्र्यांच्या दाढीला मेंदी आहे.

"उभे राहिलात तर ही उधारी मागणार कोण?" तिने विचारलं. "मतं मागायला जाल त्याच दारात?"

वहीत एकशे बारा पानं भरली आहेत. मी मोजली. त्यातल्या नव्वदएक घरांची मतं आमच्याच गटात. उधारी सोडली तर कारखान्याचं वीजबिल निघत नाही, मागितली तर मत जातं. आणि नुसता गप्प राहिलो, तर निवडून आल्यावर समोरचा म्हणणार, आता कशाला मागता, आता तर तुम्ही साहेब. पतसंस्थेचे हप्ते मेव्हण्याच्या नावावर आहेत हे आणखी वेगळं.

शुक्रवारी पहाटे तीनला क्रशर चालू केला. दीडशे किलोची लादी आत गेली की आधी एक कडकडाट होतो, मग खळखळ, आणि पाइपच्या तोंडातून चुरा खाली टोपल्यात. तिसऱ्या नंबरला अण्णांची होडी. अण्णा स्वतः आले होते, कानटोपी घालून, हातात बॅटरी.

"काय ठरलं?" त्यांनी आवाजावर ओरडून विचारलं.

"किती लाद्या?" मी ओरडून विचारलं.

"वीस. लिहून ठेवा."

मी लिहिल्या.